कापूर जळून गेला, मग त्यात काय होतं ते कळतं कसं?

खडूफळा

भाची अकरावीला आहे. रसायनशास्त्र माझ्याकडे शिकते, म्हणजे तिच्याबरोबर मीच पुन्हा शिकतोय. गेल्या गुरुवारी आरती झाली आणि तबकातला कापूर विझताना बघून म्हणाली, "मामा, हा तर मागे काहीच ठेवत नाही. मग एखादी वस्तू जाळून तिच्यात काय होतं ते कसं काढतात?"

त्याच आठवड्यात ज्वलन विश्लेषणाची गणितं चालू होती. म्हटलं थांब, कापराचंच गणित घालतो. कागदावर लिहून दिलं: ०.२००० ग्रॅम कापूर पूर्ण जाळला, ०.५७२८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.१८९३ ग्रॅम पाणी मिळालं, सूत्र काढ.

पोरीने पायऱ्या नीट केल्या. कार्बन डायऑक्साइडच्या ४४.०१ भागांत १२.०१ भाग कार्बन, म्हणून कार्बन ०.१५६३ ग्रॅम, ७८.१६ टक्के. पाण्याच्या १८.०२ भागांत २.०१६ भाग हायड्रोजन, म्हणून १०.५९ टक्के. उरला तो ऑक्सिजन, ११.२५ टक्के. प्रत्येकाला आपापल्या अणुभाराने भागलं, मग सगळ्यांना सगळ्यात लहान आकड्याने भागलं. आलं ९.२६ : १४.९४ : १. तिने लिहिलं नऊ कार्बन, पंधरा हायड्रोजन, एक ऑक्सिजन.

पुस्तकात कापूर म्हणजे दहा, सोळा, एक.

अर्धा तास तिच्या वहीत चूक शोधली. चूक माझ्या कागदावर होती. ०.५७८२ लिहायचं ते ०.५७२८ लिहिलं होतं, आठ आणि दोन उलटे. बरं, फरक किती? ५.४ मिलिग्रॅम. एक टक्कासुद्धा नाही. तेवढ्याने एक अख्खा कार्बन गायब? आणि खऱ्या प्रयोगात एवढी चूक होत नसेल का? मग दीडदोनशे वर्षांपूर्वी लोकांनी सूत्रं काढली कशी? जाणकारांनी उजेड पाडावा.

पायरीवरचा

वाचतोय.

जमाखर्च

रसायनशास्त्राशी दहावीनंतर संबंध नाही, हिशेब तपासणे हा धंदा. चुकलो तर सांगा.

तुम्ही कार्बन मोजला, हायड्रोजन मोजला. ऑक्सिजन मोजलाच नाही ना? शंभरातून दोन्ही वजा करून जे उरलं त्याला ऑक्सिजन म्हटलं. आमच्याकडे महिनाअखेरीला वहीचा ताळा जुळला नाही की उरलेली रक्कम 'किरकोळ' मध्ये टाकतात. त्या किरकोळात चहा असतो, रिक्षा असते, आणि ज्याचा पत्ता लागत नाही तेही असतं. तुमचा ऑक्सिजन म्हणजे हे किरकोळ खातं. वर तुम्ही सगळ्या वहीला भागताय कशाने, तर त्याच किरकोळने.

खडूफळा

जमाखर्च, साष्टांग नमस्कार. आत्ता करून बघितलं. कार्बन ७८.९० चा ७८.१६ झाला, म्हणजे शेकडा एकही घसरला नाही. पण ऑक्सिजन १०.५१ चा ११.२५ झाला, म्हणजे शेकडा सात वाढला. आणि भागाकार त्यानेच. भाचीला हे तुमच्या शब्दांत सांगणार.

काचनळी

जमाखर्चांनी मर्म सांगितलंय. कॉलेजात तीस वर्षं हा विषय शिकवला, एवढं सोपं करून सांगायला जमलं नव्हतं. मी फक्त नळीकडची बाजू सांगतो, कारण गणितात 'पूर्ण जाळला' हे दोन शब्द फार सहज लिहिलेले असतात.

कडक काचेची लांब नळी. तिच्या अर्ध्याअधिक भागात काळं कॉपर ऑक्साइड भरलेलं. मागच्या बाजूला पोर्सेलीनची छोटी होडी, तिच्यात तोललेला नमुना. एका टोकाने कोरडा, कार्बन डायऑक्साइड काढून टाकलेला ऑक्सिजन आत सोडायचा. आधी कॉपर ऑक्साइड लालबुंद तापवायचं, नमुन्याला हात शेवटी लावायचा, तोही दमाने. कापूर असेल तर दुप्पट दमाने, कारण तो जळण्याआधीच उडतो. घाई केलीत की वाफ न जळताच निसटते आणि मग तुमच्या गणितातले ५.४ मिलिग्रॅम खरोखरच हरवतात. काम नीट चाललंय हे डोळ्यांना दिसतं: वाफा ज्या भागावरून जातात तिथलं काळं कॉपर ऑक्साइड आपला ऑक्सिजन देऊन लाल तांबं होत जातं. मागून ऑक्सिजन आला की पुन्हा काळं.

तबकातला कापूर धूर सोडत जळतो. त्या ज्योतीवर ताटली धरून बघा, काजळी बसते. ती काजळी म्हणजे कार्बन डायऑक्साइड न झालेला कार्बन. नळीत तशी काजळी राहिली तर तो कार्बन हिशेबात येत नाही आणि भार पडतो ऑक्सिजनवर. म्हणून भाचीला सांगा, आरतीचा कापूर मागे काही ठेवत नाही असं नाही, ताटलीवर ठेवतो.

पुढच्या टोकाला आधी कॅल्शियम क्लोराइडची नळी, ती पाणी धरते. तिच्यानंतर पोटॅशचं द्रावण भरलेले काचेचे फुगे, ते कार्बन डायऑक्साइड धरतात. क्रम उलटा लावला तर पोटॅश पाणीही गिळतं आणि दोन्ही आकडे वाया. दर वर्षी एक तरी विद्यार्थी तोंडी परीक्षेत उलटा क्रम सांगायचा. आणखी एक बारकावा: कोरडा वायू पोटॅशच्या द्रावणातून बुडबुडत जाताना त्याचंच थोडं पाणी उचलून नेतो. म्हणून फुग्यांच्या पुढे आणखी एक छोटी शोषकनळी लावून दोन्ही एकत्र तोलायची.

आता तुमच्या नऊ-पंधराबद्दल. नुसता कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन असलेल्या रेणूत हायड्रोजनची संख्या सम असते. पंधरा दिसले की निदान दुप्पट तरी करावं लागतं, आणि तिथेच थबकायला हवं होतं. दुसरं म्हणजे, ऑक्सिजनला बाजूला ठेवून नुसतं हायड्रोजन भागिले कार्बन काढा. तुमच्या चुकलेल्या आकड्यांतूनही १.६१ येतं. सोळा भागिले दहा म्हणजे १.६०. पंधरा भागिले नऊ म्हणजे १.६७. म्हणजे चुकीच्या कागदातही उत्तर दहा-सोळाकडेच बोट दाखवत होतं! जे मोजलंय त्यांचं एकमेकांशी गुणोत्तर आधी बघावं, न मोजलेल्याला मध्ये आणू नये.

उंबरठा

काचनळी सर, सुंदर. वाचनखूण साठवली.

अवांतर: आमच्याकडे कापराच्या डबीत मिरे टाकून ठेवतात, म्हणजे कापूर उडत नाही म्हणे. खरं का?

काचनळी

आमच्याकडेही टाकतात. श्रेय मात्र डबीच्या घट्ट झाकणाला द्यावं असं माझं मत. मिरे आणि सैल झाकण असा प्रयोग करून बघा.

लाह्नकाठ

धागा बघून राहवलं नाही. मी कामानिमित्त जर्मनीत गिसेनजवळ राहतो. तिथे रेल्वे स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर रसायनशास्त्रज्ञ लीबिगची जुनी प्रयोगशाळा संग्रहालय म्हणून जपली आहे. इमारत मुळात लष्करी पहारेकऱ्यांची. युस्टुस लीबिग १८२४ साली गिसेनला आला तेव्हा त्याने एकवीस वर्षं नुकतीच पूर्ण केली होती.

खडूफळा यांचा 'सूत्रं काढली कशी' हा प्रश्न, त्याचं अर्धं उत्तर तिथल्या कपाटात आहे. काचनळी सर ज्या पोटॅशच्या फुग्यांबद्दल म्हणतात ते लीबिगने १८३१ मध्ये आणले. पाच काचफुगे, त्रिकोणात जोडलेले, तळहातावर मावतील एवढे. दिसायला एखाद्या मुलाने फुगवून जोडल्यासारखे. पण वायू प्रत्येक फुग्यातून बुडबुडत जातो आणि पोटॅशला भेटायला त्याला पुरेसा वेळ मिळतो.

त्याच्याआधीची परिस्थिती बघा. लॅव्हॉझिएने १७८० च्या दशकात स्पिरिट आणि तेल जाळून मोजमाप केलं होतं. गे-ल्यूसॅक आणि तेनार यांनी १८१० च्या सुमारास नमुना पोटॅशियम क्लोरेटमध्ये मळून गोळ्या केल्या आणि तापलेल्या उभ्या नळीत एकेक सोडल्या. क्लोरेट आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र तापवायचे, म्हणजे स्फोटाशीच खेळ, हिंमतच म्हणायची. पुढे कॉपर ऑक्साइड आलं तेव्हा हे काम जरा शांत झालं. पण वायू पाऱ्यावर गोळा करून त्याचं आकारमान मोजायचे, त्यामुळे नमुना फार थोडा घ्यावा लागे. लीबिगने आकारमानाचा नाद सोडला आणि वजन धरलं. नमुना जास्त घेता आला, आणि जे काम स्वीडनच्या बर्झीलियससारख्या मुरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या हातांनाच जमायचं ते विद्यार्थी करू लागले. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात आजही ते फुगे आहेत.

आणि हेच आकडे कधी कधी भांडणंही लावायचे. लीबिगचं सिल्व्हर फुल्मिनेट स्फोटक, व्होलर या दुसऱ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं सिल्व्हर सायनेट तसं नाही. दोघांची टक्केवारी सारखी, चांदी ७२ टक्क्यांच्या जवळ. दोघांपैकी एकाने चुकीचं मोजलंय असंच आधी वाटलं. दोघंही बरोबर होते. घटक तेच, प्रमाण तेच, अणूंची मांडणी निराळी. बर्झीलियसने १८३० मध्ये याला आयसोमेरिझम हे नाव दिलं. पुढे लीबिग आणि व्होलर जन्माचे मित्र झाले.

स्पेक्ट्रमवाला

इतिहास छान आहे, पण आज हे कोण करतं? मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणूचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात, नमुना टाका, दशांश चिन्हापुढे चार आकड्यांपर्यंत वस्तुमान घ्या, सूत्र समोर. पोरांना ही जुनी गणितं शिकवून वेळ घालवतात असं माझं प्रामाणिक मत.

टिनकॅप्सूल

स्पेक्ट्रमवाला, मीही पीएचडीच्या पहिल्या वर्षी असंच म्हणायचे. मग गाईडने मशीनसमोर बसवलं. पाच वर्षं सीएचएन ॲनालायझर (नमुना जाळून कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन मोजणारं यंत्र) सांभाळला, म्हणून लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आता काचनळी सरांची लांब नळी नाही. टिनची चिमुकली कॅप्सूल असते, नखाएवढीही नाही. तिच्यात दोन-तीन मिलिग्रॅम नमुना मायक्रोबॅलन्सवर तोलायचा, चिमट्याने घडी घालायची, कडा दाबायच्या, गोळी करायची. हात लावायचा नाही, बोटाचं तेलही सेंद्रियच असतं. हिवाळ्यात स्थिर विद्युत अशी चढते की पावडर चमच्यावरून उडी मारून कॅप्सूलच्या बाहेर चिकटते. ती बाहेरची पावडर तोलली जाते, पुढे घडी घालताना गळून पडते, आणि तिन्ही आकडे एकदम कमी येतात. तिन्ही सारख्या प्रमाणात कमी आले की आधी तोलण्यावर संशय घ्यायचा, हे मी दोन महिने वाया घालवून शिकले.

गोळी साधारण हजार अंशांच्या भट्टीत पडते, त्याच क्षणी ऑक्सिजनचा झोत येतो. टिन स्वतः पेटतं, त्यामुळे त्या क्षणी तापमान आणखी कितीतरी वर जातं. सगळे वायू हेलियमबरोबर तापलेल्या तांब्यावरून जातात. तिथे उरलेला ऑक्सिजन अडकतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन होतो. पुढे वायू वेगळे करणाऱ्या स्तंभातून नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, पाणी एकेक करून बाहेर येतात आणि उष्णतावाहकतेवरून मोजले जातात. हेलियमचं सिलिंडर संपलं की कामही थांबतं, आणि त्याच्या किमतीबद्दल न बोललेलं बरं.

दर सकाळी पहिली गोळी ॲसेटॅनिलाइडची, यंत्र ताडून बघायला वापरतात त्या शुद्ध पदार्थाची. कार्बन ७१.०९, हायड्रोजन ६.७१, नायट्रोजन १०.३६. हे आकडे मला फोन नंबरासारखे पाठ आहेत. ते आले की मग लोकांचे नमुने.

आता तुमच्या मुद्द्यावर येते. मास स्पेक्ट्रोमीटर सांगतो की कुपीत अमुक वजनाचा रेणू आहे. त्याच्याबरोबर आणखी काय आहे, यावर तो बऱ्याचदा गप्प बसतो. कुपीत दहा टक्के मीठ असेल, सिलिका असेल, न सुकलेलं द्रावक असेल, तरी आलेखावर तुमच्या रेणूचं शिखर दिमाखात उभं. भट्टी मात्र कुपीतलं सगळंच जाळते आणि जे जळत नाही त्याची तूट दाखवते. सूत्र शोधायला आम्ही हे आता क्वचितच वापरतो. 'तू म्हणतोस तेवढं हे शुद्ध आहे का' हे विचारायला वापरतो. म्हणूनच ते नावडतं आहे.

नियतकालिकं म्हणतात, सूत्रावरून काढलेला आणि यंत्रातून मिळालेला आकडा यांतला फरक ०.४ टक्क्यांच्या आत हवा. आमच्या लॅबमध्ये कार्बन १.२ ने कमी आला की लोक वहीत लिहायचे, 'पाव रेणू डायक्लोरोमिथेन धरून', म्हणजे तेवढं द्रावक नमुन्यात राहिलंय असं मानून. मग अर्धा रेणू पाणी. एका सीनियरने तर दोन्ही धरले, आकडे चोख जुळले. नमुना चार दिवस नीट सुकवून पुन्हा लावला तेव्हा काहीच धरावं लागलं नाही.

स्पेक्ट्रमवाला

मीठ आणि सिलिकाचा मुद्दा मान्य. पण ०.४ टक्क्यांचा नियम तरी कुठे पवित्र आहे? २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय तुलना झाली होती, तेच शुद्ध नमुने वेगवेगळ्या व्यावसायिक प्रयोगशाळांना पाठवून. त्यांचेही बरेच आकडे ०.४ च्या बाहेर गेले.

टिनकॅप्सूल

हो, वाचलंय. आणि शंभर टक्के सहमत. म्हणून दोन गोळ्या लावायच्या, आणि दोन्हींचे आकडे छापायचे. 'चांगला तो' नाही.

काचनळी

टिनकॅप्सूल, दोन-तीन मिलिग्रॅम हे ज्याच्यामुळे शक्य झालं त्याचं नाव इथे यायला हवं. ऑस्ट्रियाचा फ्रिट्झ प्रेगल. पित्ताम्लांवर काम करताना हाती इतका थोडा पदार्थ लागला की नेहमीच्या पद्धतीने जाळला असता तर सगळा एकाच मोजणीत संपला असता. त्याने हाच प्रयोग लहान केला, तराजूपासून शोषकनळीपर्यंत सगळंच लहान, आणि काही मिलिग्रॅमवर आणला. १९२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच.

दूधकेंद्र

आम्ही डेअरीवाले, आम्हाला फक्त नायट्रोजनशी मतलब. तो मोजायची जेल्डालची पद्धत, १८८३, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत निघालेली. त्यात जाळत नाहीत, सल्फ्युरिक आम्लात उकळतात. आलेल्या नायट्रोजनला ६.३८ ने गुणलं की दुधातलं प्रथिन.

जमाखर्चांच्या 'किरकोळ' वरून आठवलं. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलॅमिन मिसळलं होतं ते याच गुणाकाराच्या भरवशावर. मेलॅमिनमध्ये ६६.६ टक्के नायट्रोजन. एक ग्रॅम टाकलं की कागदावर सव्वाचार ग्रॅम प्रथिन दिसतं. जेल्डाल लावा नाहीतर जाळून नायट्रोजन मोजा, दोन्ही फसतात, कारण नायट्रोजन खरोखरच तिथे असतो. बाळं आजारी पडली, काही दगावली. यंत्राने आकडा खोटा दिला नव्हता. गुणणाऱ्याने गृहीत धरलं होतं की नायट्रोजन आला तो प्रथिनातूनच.

जमाखर्च

दूधकेंद्र, अंगावर काटा आला.

काचनळी

खडूफळा, भाचीसाठी एक कोडं देतो. कपाटात ठेवतो ती पांढरी गोळी. एका विद्यार्थ्याने जाळली. कार्बन ४९.०२ टक्के, हायड्रोजन २.७४ टक्के. 'उरला तो ऑक्सिजन' म्हणून त्याने भागाकार केला आणि चार कार्बन, तीन हायड्रोजन, तीन ऑक्सिजन असं काहीतरी उत्तर आणलं. जवळपास जुळलंसुद्धा. मी त्याला शून्य दिलं. का? रेणूभार १४७ धरावा. (नळीत चांदीची जाळी होती, हे मुद्दाम सांगतोय.)

उंबरठा

डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन ना? पण त्यात तर कार्बन ९३ च्या पुढे असतो.

काचनळी

म्हणूनच कोडं. डांबरगोळी म्हणून जे विकतात ते दर वेळी एकच नसतं.

खडूफळा

दोन दिवसांनी परत आलो.

पोरगी काल रात्री जेवताना ताट तसंच ठेवून उठली आणि वही घेऊन आली. म्हणाली, सरांनी चांदीची जाळी सांगितली, चांदी पकडते काय, तर क्लोरीन. क्लोरीन ओळखायच्या लॅसेनच्या चाचणीत चांदीमुळे पांढरा साका येतो तोच. मग उरलेले ४८.२४ ऑक्सिजनचे नाहीत, क्लोरीनचे. ३५.४५ ने भागले, १.३६. कार्बन ४.०८, हायड्रोजन २.७२. म्हणजे तीन, दोन, एक. त्याचा भार ७३.५ भरतो, रेणूभार १४७, म्हणून दुप्पट: सहा कार्बन, चार हायड्रोजन, दोन क्लोरीन. पॅराडायक्लोरोबेंझीन.

मग तिने मलाच विचारलं, "मामा, तुमच्या कापराच्या गणितात उरलेला ऑक्सिजनच कशावरून? तुम्ही आधी बघितलं होतं का?"

बघितलं नव्हतं. पुस्तकात होतं म्हणून लिहिलं.

काचनळी

तिला शंभरपैकी शंभर. तुम्हाला शून्य.

आता तिला तांब्याची तार गॅसवर धरायला सांगा, ज्योत हिरवी दिसणं थांबेपर्यंत. मग तार गोळीला टेकवून पुन्हा ज्योतीत. क्लोरीन असेल तर ज्योत हिरवी होते. खिडकी उघडी ठेवा, तुम्ही शेजारी उभे राहा, आणि गोळी सगळी जाळू नका. कापरालाही तीच तार लावून बघा.